उचल आणि सीमा : कर्जत-खालापूर भागातील स्थलांतर व कायदेसुधारणेचा प्रश्न

स्थलांतरविषयक कायद्यांत सुधारणा करावयाची तर ती कोणत्या दिशेने करावी, हा वाद आज जगातील बहुतेक देशांत चालू आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, बाहेरून येणाऱ्या श्रमिकांमुळे स्थानिकांची मजुरी घटते, वस्तीवर व सार्वजनिक सोयींवर ताण पडतो; म्हणून येणाऱ्यांवर नियंत्रण हवे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, श्रमिकाचा संचार हा त्याचा हक्क असून त्यावाचून उद्योगधंदे चालणार नाहीत. म्हणून निर्बंध सैल करावेत. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरून चालतात. ती ही की, एखादा प्रदेश माणसे पाठविणारा तरी असतो किंवा माणसे घेणारा तरी असतो.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांकडे पाहिले म्हणजे हे गृहीत टिकत नाही. दिवाळी उलटली की येथील कातकरी वाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात. त्याच वेळी खोपोली व पाताळगंगा भागातील कारखान्यांत, तसेच कर्जत-नेरळच्या नव्या बांधकामांवर, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इत्यादी राज्यांतून आलेले श्रमिक काम करीत असतात. ज्या भूमीला दूरदेशचे हात लागतात त्याच भूमीतील माणसांना पोटासाठी बाहेर का पडावे लागते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कारणमीमांसा करावयाची आहे, आणि स्थलांतराच्या कायद्याने राज्याच्या सीमेकडे लक्ष दिले, पण मजुराला बांधून ठेवणाऱ्या उचलीकडे दिले नाही, हे दाखवावयाचे आहे.

१. प्रदेशाची पूर्वपीठिका

सह्याद्रीच्या पायथ्याशी उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत हे दोन तालुके पसरलेले आहेत. पूर्वी खालापूर हा कर्जत तालुक्याचाच पेटा होता. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांच्या थोडी वर भरली.

या भागात परमुलुखातील श्रमिक येणे ही अलीकडची गोष्ट नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५६ साली कर्जतवरून खोपोलीपर्यंत आला, आणि त्याच वर्षी बोरघाटाच्या कामास प्रारंभ झाला. १८६१ च्या सुमारास या घाटावर ४० हजारांहून अधिक मजूर काम करीत होते. त्यांतील बहुसंख्य घाटमाथ्यावरील जिल्ह्यांतून आलेले होते. १८६३ साली घाट वाहतुकीस खुला झाला. पुढे १९०७ साली नेरळ-माथेरान रेल्वे झाली. १९१५ साली खोपोलीचे व १९२२ साली भिवपुरीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समुळे रसायनीचा परिसर औद्योगिक बनला. आणि २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जमिनीच्या किमतीचे स्वरूपच पालटले. यांपैकी प्रत्येक कामाने बाहेरचे हात आणले.

या घडामोडींच्या शेजारीच कातकरी समाजाचा इतिहास उभा आहे. खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या व्यवसायावरून या समाजाला काथोडी वा कातकरी हे नाव पडले. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, तसा हा व्यवसाय आक्रसत गेला. आणि स्वतःच्या हिमतीवर जंगलात राबणारा हा समाज लाकूडतोड, कोळसा पाडणे व शेतमजुरी यांवर येऊन ठेपला. भारत सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून मान्यता दिली आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासह कातकरी येतात. यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा विषय हाच आहे. जमिनीचे भाव चढले म्हणजे पायाखालची जागा सोडावी लागण्याचे भय अशा वाड्यांना कसे ग्रासते, याचे विवेचन त्यात आढळते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. रायगड जिल्ह्याचा कोणताही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे आदिवासींना दिल्या जाणाऱ्या कर्जव्यवहारावर ग्रामसभेचे नियंत्रण असावे, ही १९९६ च्या पेसा कायद्यातील तरतूद येथील वाड्यांना लागू होत नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील अनुसूचित गावांतील आदिवासीस जे संरक्षण आहे, ते जिल्ह्याची हद्द ओलांडताच संपते.

२. जाणारे : उचलीची रीत

भातशेतीवर व रानभाज्यांवर चालणाऱ्या या अर्थव्यवस्थेत श्रावण-भाद्रपद हे टंचाईचे महिने. शेतीची मजुरी आटलेली, नवे भात अजून आलेले नाही, आणि आजारपण मात्र याच दिवसांत. अशा वेळी भट्टीमालकाचा मुकादम वाडीवर येतो व रोख रक्कम देतो. हीच उचल. ती घेणाऱ्या कुटुंबाने दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन विटा पाडून ती फेडावयाची असते. ठाणे व पुणे जिल्ह्यांतील तसेच रायगडातील भट्ट्यांवर ही कुटुंबे जातात. कोळसा पाडण्यासाठी कित्येक कुटुंबे घाटावर व थेट कर्नाटकापर्यंत पोहोचतात. भट्टीवरची मजुरी दर हजारी विटांमागे ठरते, आणि ती एकट्या माणसाची नसून जोडप्याची असते. नवरा व बायको मिळून जे काम करतात त्याचा हिशेब एकाच नावावर मांडला जातो. मुलांचे हात लागले तरी तेही त्याच हिशेबात बुडतात.

हिशेबाची रीत समजण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ. समजा, एका जोडप्याने ३०,००० रुपये उचल घेतली, आणि हजारी विटांचा दर ८०० रुपये ठरला. २२ आठवड्यांच्या हंगामात १२० दिवस काम होऊन रोज एक हजार विटा पडल्या, तर मजुरी ९६,००० रुपये होते. आठवड्याच्या बाजारासाठी मालकाकडून मिळणारी खर्ची २,५०० रुपये धरली, तर २२ आठवड्यांचे ५५,००० रुपये वजा जातात. उरलेल्या ४१,००० रुपयांतून उचल फिटते आणि ११,००० रुपये हाती पडतात. आता अवकाळी पावसाने वीस दिवसांचे काम बुडाले, असे धरा. मजुरी १६,००० रुपयांनी घटते. खर्ची मात्र घटत नाही. शिल्लक २५,००० रुपये राहते, उचल फिटत नाही, आणि ५,००० रुपयांची बाकी पुढील हंगामावर चढते. वर्षभराच्या श्रमाचे फळ नफा की कर्ज, हे वीस दिवसांच्या हवामानावर ठरले. मालकाचा तोटा अशा रीतीने मजुराच्या अंगावर जातो, हे या पद्धतीचे मर्म होय.

उचल ही केवळ फसवणूक आहे, असे मानणे तथापि बरोबर होणार नाही. वाडीवरच्या माणसाला ती अडीअडचणीचा एकमेव आधार वाटते, आणि त्याला कारण आहे. बँक त्याला कर्ज देत नाही. रोजगार हमीचे काम त्याला पर्याय व्हावे हे खरे. महाराष्ट्राने १९७७ साली या विषयाचा कायदा करून देशाला वाट दाखविली, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. परंतु या कामाची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप व हजेरीपट यांच्या पायऱ्या ओलांडून मिळते; उचल कामाच्या आधी, भूक लागली त्या दिवशी मिळते. ज्याच्या घरात आठ दिवसांचे धान्य नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक मजुरीच्या दरापेक्षा मोठा असतो.

ही गोष्ट या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पूर्वीच ओळखली होती. माथेरानचे भाई कोतवाल, जे पुढे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, त्यांनी शेतकऱ्यांना सावकारीतून सोडविण्यासाठी धान्यपेढ्यांचा मार्ग अवलंबिला होता. पुढे कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँका चालविल्या. दोन्ही प्रयत्नांमागील विचार एकच आहे : पावसाळ्यातील टंचाईच्या काळात धान्य मिळाले, तर हिवाळ्यातील श्रम गहाण टाकावे लागत नाहीत.

३. येणारे

कारखान्यात व बांधकामावर येणारा परप्रांतीय श्रमिक बहुधा तरुण पुरुष असतो व एकटा येतो. कुटुंब गावी ठेवतो. त्यालाही कंत्राटदारच आणतो. मात्र भट्टीचा मुकादम कुटुंब शोधतो, आणि कारखान्याचा कंत्राटदार दिवसपाळी-रात्रपाळी करू शकणारा सडा माणूस शोधतो. आपल्या ओळखीच्या मुलुखातून माणसे आणली म्हणजे ती कामावर टिकतात व फारशी तक्रार करीत नाहीत, हा कंत्राटदाराचा अनुभव असतो. जो श्रमिक घरापासून दूर, त्याला संध्याकाळी परत जाण्याजोगे दुसरे ठिकाण नसते.

यावरून दिसून येईल की, परप्रांतीय श्रमिक कातकऱ्याचे काम हिरावून घेतो, हे वर्णन वस्तुस्थितीला धरून नाही. दोघे एकाच बाजारात स्पर्धा करीतच नाहीत. मालकाला हवा असतो तो आपल्या वाडीपासून तुटलेला श्रमिक. त्यामुळे भट्टीवर कर्जतचा कातकरी परका होतो आणि खोपोलीत ओडिशाचा तरुण परका होतो. परकेपणा ही दोन्हीकडे श्रमिकाची अंगभूत बाब नसून भरतीच्या पद्धतीतून निर्माण केलेली अवस्था आहे.

४. कायद्याने काय पाहिले

उचल देऊन श्रमिकास बांधणे या प्रकाराला एके काळी कायद्याचाच पाठिंबा होता. १८५९ च्या १३ व्या कायद्यान्वये आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागीर वा मजुरास शिक्षा होऊ शकत असे. हा कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठीस मनाई केली, आणि १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने उचलीच्या मोबदल्यात करून घेतलेले सक्तीचे श्रम बेकायदा ठरवून असे कर्जच नाहीसे केले. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करून घेतलेले काम हेही सक्तीचे श्रमच होत. या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हादंडाधिकाऱ्यावर असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमावयाच्या असतात.

स्थलांतराचा कायदा याहून वेगळ्या वाटेने आला. ओडिशातून बाहेर नेल्या जाणाऱ्या ‘दादन’ मजुरांसाठी त्या राज्याने १९७५ साली कायदा केला. त्याच्या अनुभवावरून संसदेने १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम संमत केला. कंत्राटदाराला परवाना, कामगाराला छायाचित्रासह पासबुक, प्रवासभत्ता, निवारा व मोफत औषधोपचार अशा तरतुदी त्यात होत्या. त्यांत एक तरतूद विशेष विचार करण्याजोगी आहे. भरतीच्या वेळी कंत्राटदाराने कामगारास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती, विस्थापनभत्ता म्हणून द्यावयाची होती. आणि ती परत घ्यावयाची नव्हती, वेतनातून कापावयाचीही नव्हती. घर सोडताना हाती पडणारी रोख रक्कम ही श्रमिकाची खरी गरज आहे हे कायद्याने येथे मान्य केले, पण ती कर्ज म्हणून न देता हक्क म्हणून दिली. विस्थापनभत्ता म्हणजे फेडावी न लागणारी उचलच होय.

दुर्दैवाने ही तरतूद कर्जतच्या वीटभट्टी-मजुराच्या वाट्याला कधी आली नाही. अधिनियम फक्त राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. कर्जतचे कुटुंब भिवंडीच्या वा पुण्याच्या भट्टीवर गेले, तर ते कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित नव्हेच. कर्नाटकात कोळसा पाडण्यास गेलेले कुटुंब सिद्धांततः कायद्यात बसे; परंतु असे किमान पाच कामगार एका आस्थापनेत असावे लागत, आणि कोळसाभट्ट्या रानात दोन-तीन कुटुंबांच्या तुकड्यांनी विखुरलेल्या असतात.

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर रस्त्याने पायी निघालेले श्रमिक देशाने पाहिले, आणि सुधारणेच्या मागणीला जोर आला. त्याच वर्षी संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत १९७९ चा अधिनियम विलीन झाला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात काही गोष्टी निश्चितपणे सुधारल्या आहेत. कंत्राटदाराशिवाय आपण होऊन परराज्यात आलेला श्रमिकही आता व्याख्येत येतो, आणि शिधापत्रिकेचा लाभ कामाच्या राज्यात घेण्याची सोय कायद्यात नमूद झाली आहे. परंतु कामगारसंख्येची अट पाचावरून दहावर गेली, विस्थापनभत्ता वगळला गेला, आणि राज्याची सीमा ही कसोटी तशीच राहिली. उचलीचा पर्याय म्हणून जी एक तरतूद अर्धीमुर्धी अस्तित्वात होती, ती व्यापक करण्याऐवजी नाहीशी झाली.

५. मोजदादीचा प्रश्न

जे मोजले जात नाही त्याची तरतूद होत नाही. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. भट्टीचा हंगाम या दिवसांत ऐन भरात असतो. संपूर्ण काळ बाहेर असलेले कुटुंब भट्टीवरील झोपडीत मोजले जाते किंवा निसटते. वाडीवर त्याचे घर बंद आढळते. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविण्यात आला आहे, म्हणजे ऋतू तोच.

नमुना पाहणीची अडचण वेगळी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ साली एक महिना ते सहा महिने बाहेर राहणाऱ्यास अल्पकालीन स्थलांतरित मानले. दिवाळीनंतर निघून वैशाखअखेर परतणारे कुटुंब कधी सहा महिन्यांच्या अलीकडे असते, कधी पलीकडे. अशा रीतीने एकच कुटुंब एका वर्षी अल्पकालीन स्थलांतरित ठरते आणि दुसऱ्या वर्षी त्या वर्गातून बाहेर पडते. याउलट १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा तात्पुरत्या गैरहजेरीने माणसाचे सामान्य रहिवासित्व जात नाही असे स्पष्ट सांगतो. मतदारयादीला जे समजले ते श्रमकायद्याला व मोजणीला समजू नये, हे आश्चर्य होय.

या अनुपस्थितीची किंमत सर्वांत अधिक मुले देतात. वाडीच्या शाळेत नाव असते, मूल भट्टीवर असते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भरविलेल्या भोंगाशाळांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजनाही आली. परंतु शाळा मुलांच्या मागे किती काळ धावणार? मूल भट्टीवर जाते, कारण आईबाप दोघेही एकाच उचलीत बांधलेले असतात.

६. वादाचे मूल्यमापन

आता आरंभीच्या वादाकडे वळू. स्थानिकांना प्राधान्य या मागणीला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासननिर्णयाप्रमाणे औद्योगिक घटकांत पर्यवेक्षकीय पदांपैकी किमान ५० टक्के व अन्य पदांपैकी किमान ८० टक्के पदे स्थानिकांना मिळावीत, आणि १५ वर्षे वास्तव्य असलेला तो स्थानिक, असे धोरण आहे. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राखणारा कायदा केला होता. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी घटनाबाह्य ठरविला. वैधतेचा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. स्थानिकत्वाची कोणतीही व्याख्या घेतली तरी कातकरी तिच्यात सर्वप्रथम बसतो. तथापि या धोरणाचा लाभ त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, कारण नोकरी हवी त्या महिन्यांत तो उचलीने बांधलेला असतो.

मुक्त संचाराचे समर्थकही येथे अपुरे पडतात. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे हे खरे. परंतु जो भट्टी सोडून दुसऱ्या कामावर जाऊ शकत नाही, त्याचे जाणे मुक्त असून राहणे बद्ध आहे. अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतील शेतमजुरांना ‘ब्रासेरो’ योजनेखाली कराराने अमेरिकेत नेले जाई. तेथेही वाद किती माणसे येऊ द्यावीत यावर होई. पण मजुराला मालक बदलण्याची मोकळीक नव्हती, यातच त्या योजनेच्या पिळवणुकीचे मूळ होते. आखाती देशांतील कफाला पद्धतीवर जी टीका झाली, तिचाही रोख हाच होता. म्हणजे सीमा उघडी असो वा बंद, ज्या श्रमिकाला काम सोडता येत नाही त्याच्यामुळे सर्वांचीच मजुरी खाली राहते, आणि स्थानिक विरुद्ध परका हे भांडण त्यावर पोसले जाते.

७. सुधारणेची दिशा

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, राज्याची सीमा ही स्थलांतरिताची कसोटी मानू नये; कामासाठी कुटुंबासह घर सोडून अन्यत्र मुक्काम करणारा प्रत्येक श्रमिक, मग तो भिवंडीस जावो वा बेळगावास, संरक्षणास पात्र असावा. दुसरा असा की, विस्थापनभत्ता पुन्हा आणून तो राज्यांतर्गत स्थलांतरासही लागू करावा, म्हणजे भरतीच्या वेळच्या रोख रकमेची गरज कर्जाशिवाय भागेल. तिसरा असा की, जोडप्याचा एकत्र हिशेब बंद होऊन स्त्रीची मजुरी तिच्या नावे लिहिली जावी, आणि पावसाने बुडालेल्या दिवसांचा भार मजुरावर पडू नये. चौथा असा की, श्रावण-भाद्रपदात वाडीवर धान्य व काम पोहोचविणे हाच वेठबिगार निर्मूलनाचा खरा उपाय मानावा. दक्षता समितीची बैठक हंगाम संपल्यावर नव्हे, तर उचल वाटली जात असताना व्हावी.

यावर असा आक्षेप घेता येईल की, उचल बंद झाली तर मुकादम वाडीवर फिरकणारच नाही आणि उपासमार वाढेल. आक्षेप गैरलागू नाही. म्हणूनच उचलीवर केवळ बंदी घालून भागणार नाही. तिची जागा घेणारी व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे. खोपोलीच्या कारखान्यातील परप्रांतीय तरुणाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. त्याला काम सोडण्याचे व तक्रार करण्याचे बळ मिळाले, तर त्याला स्थानिकापेक्षा स्वस्त म्हणून आणण्यात कंत्राटदाराला लाभ उरणार नाही. तात्पर्य, जाणाऱ्याचे व येणाऱ्याचे हित परस्परविरोधी नाही. दोघांनाही काम सोडण्याचे स्वातंत्र्य असणे, हीच स्थलांतराच्या कायद्यातील कोणत्याही सुधारणेची पहिली कसोटी मानली पाहिजे.